नव्या शेततळ्यातील पाणी आधी जिवंत होऊ द्या

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा आणि त्याच्या आसपासची गावे बेताच्या पावसाची आहेत. वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, त्यातही मधूनच येणारी लांब उघडीप, काळी जमीन आणि कापूस, ज्वारी, मिरची यांसारखी पिके असे येथील शेतीचे सर्वसाधारण चित्र आहे. अशा मुलखात पावसाळ्यातील वाहते पाणी शेतातच अडविणे अत्यंत अगत्याचे असते. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली आणि शेततळे ही कल्पना गावोगावी परिचयाची झाली. पिकाला अडचणीच्या वेळी एकदोन पाणी देता यावे, हा शेततळ्याचा मुख्य हेतू होय. तथापि साठविलेल्या त्याच पाण्यात कटला, रोहू, मृगळ हे मासे वाढविल्यास घरी सकस अन्न मिळते व चार पैसेही हाती येतात, हे अनुभवाने पटल्यावर बरेच शेतकरी मत्स्यपालनाकडे वळू लागले आहेत.

या नव्या जोडधंद्यात पहिल्याच वर्षी जे अपयश येते, त्याचे मूळ पुष्कळदा माशांच्या जातीत किंवा खाद्यात नसून उतावळेपणात असते. तळे भरले की दुसऱ्याच दिवशी मत्स्यबीज आणून पाण्यात सोडले जाते. आठ-दहा दिवसांनी पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून तडफडताना दिसतात. त्यानंतर मेलेली बोटुकली काठाला लागते. बीज वाईट निघाले असा समज होतो, पुन्हा पैसे खर्चून दुसरे बीज आणले जाते आणि तेही त्याच वाटेने जाते. पहिल्या वर्षी असा फटका बसलेला शेतकरी बहुधा पुन्हा या धंद्याचे नाव काढीत नाही. म्हणून नव्या तळ्यात मासे सोडण्यापूर्वी थांबावे का, किती थांबावे आणि त्या काळात काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाणी भरले म्हणजे तळे झाले नव्हे

थेंबे थेंबे तळे साचते हे खरे. पण साचलेले पाणी आणि तळे यांत फरक आहे. गावाजवळच्या जुन्या तलावाकडे पाहिले तर हा फरक चटकन ध्यानात येतो. तेथील पाण्याला किंचित हिरवट छटा असते, दगडांवर बुळबुळीत थर असतो, तळाशी मऊ गाळ असतो, आणि ओंजळभर पाणी उजेडात धरले तर त्यात बारीक किडे उड्या मारताना दिसतात. हा तलाव माशांची घाण स्वतःच पचवितो आणि माशांना काही अंशी अन्नही पुरवितो. उलट नव्या शेततळ्यातील पाणी दिसायला कितीही निर्मळ असले तरी माशांच्या दृष्टीने ते रिकामे असते. त्यात खायला काही नसते आणि घाण पचविणारेही कोणी नसते.

दुधाचे दही होण्यासाठी विरजण लागते आणि रात्रभर वेळही लागतो. कोणी मधूनमधून भांडे हलवून पाहिले तर दही लवकर लागत नाही, उलट बिघडते. मिरचीच्या गादीवाफ्यात बी टोकल्यावर रोप लावणीयोग्य होण्यास पाच ते सहा आठवडे लागतात. कोवळे रोप उपटून शेतात लावणाऱ्याला त्याचे फळ काय मिळते, हे दोंडाईच्याच्या मिरची उत्पादकास सांगावयास नको. नव्या तळ्याचे पाणीही असेच विरजण व वेळ मागते.

काचेच्या पेटीतील धडा

हा धडा शास्त्रज्ञांना प्रथम शेतात नव्हे, तर काचेच्या पेटीत मिळाला. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवल्या. वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात आणि गोगलगायी कुजकी पाने खाऊन टाकतात. त्यामुळे पाणी न बदलताही मासे दीर्घकाळ जगतात, असे त्यांनी दाखविले आणि १८५० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यालय उघडण्यात आले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय खानदेशातूनही अनेकांनी मुंबईस गेल्यावर पाहिले असेल.

अशा मत्स्यालयांपैकी समुद्राच्या खाऱ्या पाण्याची पेटी सांभाळणे विशेष कठीण असते. समुद्राचे पाणी अफाट असल्यामुळे त्यात फारसे चढउतार होत नाहीत. तेथील जीवांना अशा स्थिर पाण्याचीच सवय असते, म्हणून पेटीतील थोडासाही बिघाड त्यांना सोसत नाही. यास्तव जाणकार मनुष्य नव्या पेटीत खारे पाणी, वाळू व समुद्रातील सच्छिद्र दगड घालतो आणि पुढे चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ, एकही मासा न सोडता नुसते पाणी तपासत राहतो. पेटी त्या काळात अगदी सुंदर दिसते असे नाही. आधी काचेवर तपकिरी लेप चढतो, मग हिरवे शेवाळ येते आणि पाहणाऱ्यास वाटते की सर्व बिघडले. वस्तुतः तो पाण्याची घडी बसण्याचा काळ असतो. जो त्या काळात घाबरून सर्व पाणी उपसतो व पेटी घासूनपुसून पुन्हा भरतो, त्याला सर्व आरंभापासून करावे लागते.

वॉरिंग्टन यांचे पुत्रही रॉबर्ट वॉरिंग्टन याच नावाचे होते. ते इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या प्रसिद्ध शेती संशोधन केंद्रात काम करीत. जमिनीत घातलेल्या खतातील अमोनियाचे पिकास उपयुक्त अशा नायट्रेटमध्ये रूपांतर कसे होते, याचा त्यांनी शोध घेतला. हे काम सजीव सूक्ष्मजंतू करतात, असे फ्रान्समधील श्लोझिंग व म्युन्ट्झ यांनी १८७७ साली दाखविले होते. हे रूपांतर दोन टप्प्यांत होते व प्रत्येक टप्प्याचे सूक्ष्मजंतू वेगळे असतात, असे धाकट्या वॉरिंग्टन यांच्या प्रयोगांतून दिसून आले. १८९० साली विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जंतू वेगळे करून त्यांचे अस्तित्व सिद्ध केले. अशा रीतीने पित्याने माशांच्या पेटीत ज्या समतोलाचा अभ्यास केला, त्याचेच एक रहस्य पुत्राने शेताच्या मातीत शोधले. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातील तात्पर्य असे की, शेणखत घातलेल्या शेतात जे सूक्ष्मजंतू काम करतात, त्याच प्रकारचे जंतू तळ्यातही लागतात.

न दिसणारे कामकरी

मासा जे खातो त्यातील नत्राचा मोठा भाग तो कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य, विष्ठा व मेलेले शेवाळ कुजल्यावरही अमोनियाच तयार होतो. हा माशांना विषारी असतो. पहिल्या प्रकारचे सूक्ष्मजंतू अमोनियापासून नायट्राइट बनवितात. नायट्राइटही घातकच असते. ते रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते, रक्त तांबडे न राहता तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजंतू या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असून शेवाळ व वनस्पती ते खत म्हणून वापरतात. म्हणूनच माशांच्या तळ्याचे पाणी पिकास मानवते.

हे उपकारक जंतू फार सावकाश वाढतात, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अन्न कुजविणारे सामान्य जंतू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत-बाहेर दुप्पट होऊ शकतात. अमोनिया व नायट्राइट पचविणाऱ्यांना दुप्पट होण्यास मात्र बहुधा अर्धा ते एक दिवस किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. अर्थात घाण निर्माण करणारी फौज काही तासांत उभी राहते, तर ती निस्तरणारी फौज उभी राहण्यास आठवडे लागतात. या दोहोंमधील अंतर हाच नव्या तळ्याचा धोक्याचा काळ होय. शिवाय दुसऱ्या टप्प्याचे जंतू पहिल्यांनी नायट्राइट तयार केल्यावरच वाढू शकतात. म्हणून पाण्यात आधी अमोनिया चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढते व उतरते, आणि शेवटी पाणी स्थिरावते.

या जंतूंच्या तीन गरजा आहेत. त्यांना चिकटून राहण्यास जागा हवी, भरपूर प्राणवायू हवा आणि पाण्यात चुनखडीसारख्या क्षारांचा साठा हवा. अमोनियारूपातील एक ग्रॅम नत्र पचविण्यास सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो व सुमारे सात ग्रॅम चुनखडीइतके क्षार खर्च होतात.

थोडा हिशेब

सामान्यतः ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे शेततळे घेतात. बाजूंना एकास दीड असा उतार धरल्यास त्यात सुमारे २० लाख लिटर पाणी मावते. पृष्ठभाग ९०० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा अकरावा हिस्सा होतो. हेक्टरी ५,००० बोटुकल्यांच्या हिशेबाने अशा तळ्यात ४५० बोटुकली पुरेशी होते. कटला १८०, रोहू १३५ व मृगळ १३५ अशी विभागणी केल्यास वरच्या, मधल्या व तळच्या अशा तिन्ही थरांतील अन्नाचा उपयोग होतो.

हे मासे १०० ग्रॅमचे झाल्यावर त्यांचे एकूण वजन ४५ किलो होईल. वजनाच्या तीन टक्के खाद्य दिल्यास ते दररोज सुमारे १ किलो ३५० ग्रॅम होते. एक किलो खाद्यामागे साधारण ३० ग्रॅम नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते असे धरले, तर रोज ४० ग्रॅम नत्र २० लाख लिटर पाण्यात मिसळते. हे प्रमाण लिटरला ०.०२ मिलिग्रॅम इतके अल्प आहे आणि घडी बसलेले तळे ते सहज पचविते. पण त्याच तळ्यात कोणी ४५० ऐवजी ४,५०० मासे सोडले तर हाच आकडा रोज ०.२ मिलिग्रॅम होतो. नव्या तळ्यात तो पचविणारे कोणी नसल्यामुळे दहा दिवसांत अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या घरात जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी निम्म्यावर आले म्हणजे तर तेवढ्याच घाणीचे प्रमाण दुप्पट होते.

यात आणखी एक मेख आहे. सर्व अमोनिया सारखाच विषारी नसतो. पाण्याचा सामू जसा वाढतो तसा त्यातील विषारी भाग वाढतो. २५ अंश सेल्सियस तापमानास सामू ७ असता विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी असतो, सामू ८ असता शेकडा ५ च्या आसपास जातो आणि सामू ९ असता शेकडा ३५ च्या वर पोहोचतो. हा विषारी भाग लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा कमीच असावा. गडद हिरव्या पाण्याचा सामू कडक उन्हात दुपारी ९ पर्यंत चढू शकतो. म्हणून सकाळी ठीक दिसणारे मासे दुपारी मरगळतात आणि शेतकऱ्यास त्याचे कारण उमगत नाही.

मातीचे तळे व अस्तराचे तळे

काळ्या मातीत खोदलेल्या तळ्याला निसर्गाची मदत असते. मातीत सूक्ष्मजंतू असतातच, चुनखडीही असते आणि तळाचा गाळ त्यांचे घर बनतो. अशा तळ्याची घडी दोन ते तीन आठवड्यांत बरीचशी बसते. खानदेशातील बऱ्याच जमिनी मुळातच चुनखडीयुक्त असल्यामुळे येथे चुन्याची मात्रा इतर ठिकाणच्या पुस्तकावरून ठरवू नये. माती-पाण्याची तपासणी करूनच चुना द्यावा.

प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्याची गोष्ट निराळी आहे. पाणी झिरपून जाऊ नये म्हणून अस्तर आवश्यक असते. पण त्यामुळे पाण्याचा मातीशी संबंध तुटतो. पावसाचे पाणी मृदू असते, त्यात क्षार थोडे असतात, आणि अस्तराचा गुळगुळीत पृष्ठभाग प्रारंभी कोराच असतो. असे तळे म्हणजे एक मोठी काचेची पेटीच होय. तेथे मत्स्यालयाचा नियम लावावा आणि चार ते सहा आठवडे थांबण्याची तयारी ठेवावी.

अस्तराच्या तळ्यास विरजण लावण्याचे उपाय सोपे आहेत. तळाच्या सपाट भागावर शक्य असेल तर चाळलेल्या मातीचा चार बोटे जाडीचा थर द्यावा. मातीत खडे राहिल्यास अस्तर फाटते, म्हणून चाळणे टाळू नये. इतकी माती घालणे परवडत नसेल, तर गोठ्याजवळची किंवा शेणखत घातलेल्या वाफ्यातील ओलसर माती गोणपाटाच्या पिशव्यांत भरून त्या पिशव्या दोराने पाण्यात सोडाव्यात. फवारणी झालेल्या कपाशीच्या किंवा मिरचीच्या शेतातील माती मात्र घेऊ नये. जंतूंना चिकटण्यास जागा मिळावी म्हणून काथ्याचे दोर पाण्यात टांगावेत. बांबूचे तुकडे टोके गुळगुळीत करून व अस्तरास लागणार नाहीत अशा बेताने आडवे बांधावेत. या दोरांवर काही दिवसांनी जो बुळबुळीत थर चढतो, तो धुऊन काढू नये. तोच या तळ्याचा खरा कामकरी आहे आणि रोहूसारखे मासे त्यावर चरतातही.

प्रतीक्षेच्या काळातील कामे

थांबणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. अस्तराच्या नव्या तळ्यासाठी कामांचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिला आठवडा : तळ्यात किमान दीड मीटर पाणी झाल्यावर कामास आरंभ करावा. पाणी येण्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी, म्हणजे रानटी मासे व काडीकचरा आत येणार नाही. मातीच्या पिशव्या व दोर सोडावेत. हेक्टरी दोन टनांच्या हिशेबाने वरील आकाराच्या तळ्यास सुमारे १८० किलो ताजे शेण लागते. त्यातील निम्म्या शेणाचा पातळ काला करून पाण्यावर सर्वत्र शिंपडावा.

दुसरा आठवडा : पाण्याचा रंग आधी तपकिरी व मग हिरवट होऊ लागतो. शेणातील नत्रामुळे अमोनिया वाढतो. हा अमोनिया माशांना घातक असला तरी सूक्ष्मजंतूंचे अन्न असतो. म्हणून तो मासे नसतानाच वाढलेला बरा.

तिसरा आठवडा : उरलेले शेण दोन हप्त्यांत द्यावे. पाणी आधीच गडद हिरवे झाले असल्यास ते देऊ नये. या सुमारास पाण्यात डोळ्यांना दिसणारे बारीक जीव वाढू लागतात. ५० लिटर पाणी बारीक रेशमी जाळीतून गाळल्यावर एक ते दोन मिलिलिटर इतका जीवांचा साका मिळाला, तर माशांपुरते नैसर्गिक अन्न तयार झाले असे समजावे.

चौथा आठवडा : अमोनिया व नायट्राइट तपासावे. मत्स्यालयाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत थेंब टाकून रंगावरून प्रमाण कळणारे संच मिळतात. गावात चार-पाच तळी असल्यास सर्वांनी मिळून एक संच घ्यावा. तीन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन तपासण्यांत दोन्ही पदार्थ जवळजवळ नाहीसे झालेले आढळले, तरच पुढचे पाऊल टाकावे.

पाचवा आठवडा : एकूण माशांपैकी चौथा हिस्सा सोडावा. खाद्य अगदी थोडे, वजनाच्या शेकडा एक इतकेच द्यावे.

सातवा ते आठवा आठवडा : तपासणीत बिघाड न आढळल्यास उरलेले मासे सोडावेत आणि खाद्य हळूहळू शेकडा दोन ते तीनपर्यंत न्यावे.

मातीच्या तळ्यात हाच क्रम दोन ते तीन आठवड्यांत आटोपता येतो. तथापि मासे दोन हप्त्यांत सोडण्याचा नियम तेथेही पाळावा. तळे कोणतेही असो, भोवती कुंपण घालणे व काठाला बांधलेले गाठींचे दोर पाण्यात सोडून ठेवणे आवश्यक आहे. ओल्या अस्तरावरून घसरलेल्या माणसाला वा जनावराला स्वतःच्या बळावर वर येता येत नाही.

हंगाम जाईल ही भीती

येथे शेतकरी एक रास्त शंका काढील. दोंडाईच्याच्या परिसरात तळे जुलै-ऑगस्टमध्ये भरते आणि उन्हाळ्याच्या तोंडी आटू लागते. मुळात सातआठ महिन्यांचे पाणी, त्यातील सहा आठवडे नुसते थांबण्यात घालविले तर मासे वाढणार केव्हा?

या शंकेचे उत्तर बीजाच्या निवडीत आहे. पूर्वी कार्प माशांचे बीज पुराच्या काळात नद्यांतून गोळा करावे लागे आणि मिळेल तेव्हा घ्यावे लागे. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुळ येथे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि त्यानंतर बीजकेंद्रांत बीज तयार करणे शक्य झाले. तेव्हा जुलैत मिळेल ते बारीक बीज घाईने आणण्याचे कारण उरलेले नाही. तळे तयार होईपर्यंत शासकीय वा मान्यताप्राप्त केंद्राकडे मोठ्या बोटुकल्यांची मागणी नोंदवून ठेवावी आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ८० ते १०० मिलिमीटर लांबीची बोटुकली सोडावी. ती महागडी असली तरी तिच्यात मर फारच कमी होते आणि वाढीचा पहिला टप्पा तिने आधीच ओलांडलेला असतो. बारीक बीज कोऱ्या पाण्यात उपाशी राहून महिनाभरात जेवढे वाढते, त्यापेक्षा मोठी बोटुकली तयार पाण्यात निश्चित अधिक वाढते. थांबण्यात गेलेला काळ अशा रीतीने भरून निघतो.

तळ्याची घडी दिवाळीपूर्वी बसणे मात्र जरूर आहे. डिसेंबर-जानेवारीत खानदेशात थंडी कडाक्याची पडते आणि काही रात्री पारा १० अंश सेल्सियसच्या खाली जातो. थंड पाण्यात सूक्ष्मजंतू मंदावतात व मासेही कमी खातात. त्या काळात नवी घडी बसविणे कठीण जाते. म्हणून प्रतीक्षेचा काळ पहिल्या पाण्याबरोबरच सुरू करावा आणि थंडीत खाद्य निम्म्याने कमी करावे.

पाण्याची पारख

संच नसला तरी काही गोष्टी डोळ्यांनी व हाताने ओळखता येतात. सकाळी दहाच्या सुमारास हात कोपरापर्यंत पाण्यात सरळ बुडवावा. कोपर पाण्याला टेकले असता तळवा जेमतेम दिसत असेल तर हिरवेपणा योग्य आहे. बोटे स्वच्छ दिसत असल्यास पाण्यात अन्न कमी आहे असे समजावे. मनगट बुडताच तळवा नाहीसा होत असल्यास पाणी फार दाट झाले आहे. तेव्हा शेण व खाद्य बंद करावे. गढूळ मातकट पाण्यास ही कसोटी लागू पडत नाही.

सूर्योदयापूर्वी तळ्यावर चक्कर मारण्याची सवय लावून घ्यावी. रात्री शेवाळ प्राणवायू तयार करीत नाही, उलट वापरते. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅम प्राणवायू असणे चांगले. तो ३ च्या खाली गेला की मासे वर येऊन तोंडे हलवू लागतात. आभाळ सलग तीनचार दिवस दाटून राहिल्यास हा धोका वाढतो.

मासे सोडण्यापूर्वीची शेवटची कसोटी माशांचीच असते. बारीक जाळीच्या कापडाची चौकोनी पेटी करून ती तळ्यात बांधावी, तीत दहा बोटुकल्या सोडाव्यात आणि दोन दिवस पाहावे. सर्व तरतरीत राहिल्या तरच बाकीचे बीज आणावे. आपल्याकडे ही कसोटी विशेष महत्त्वाची आहे. कपाशीवर व मिरचीवर मारलेली औषधे पहिल्या जोराच्या पावसात वाहून तळ्यात येतात, आणि त्यांपैकी कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील औषधे तर माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. यास्तव फवारलेल्या शेताचे पाणी तळ्यात येऊ न देणे हाच उत्तम मार्ग होय. औषधाचे पंप व डबे तळ्यात कदापि धुऊ नयेत.

विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याने तळे भरावयाचे असल्यास ते पाणी उंचावरून दगडांवर पाडून आत घ्यावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. तळ्याचे हिरवे पाणी ठिबक संचास देताना वाळूची गाळणी अवश्य वापरावी आणि ती वेळच्या वेळी उलट प्रवाहाने धुवावी. नाही तर तोट्या बुजतात.

बिघाड झाल्यास

इतकी काळजी घेऊनही मासे मरगळले तर प्रथम खाद्य पूर्णपणे बंद करावे. मासा आठवडाभर खाद्याविना राहू शकतो, पण दूषित पाण्यात दिवसभरही टिकत नाही. पंपाने तळ्याचेच पाणी उचलून फवाऱ्यासारखे पुन्हा तळ्यात पाडावे. मिळत असल्यास ताजे पाणी घालावे. जुने पाणी पिकास द्यावे. त्यातील नत्र वाया जात नाही. मेलेले मासे त्वरित काढून पुरावेत. रक्त व कल्ले तपकिरी दिसल्यास नायट्राइटचा संशय घ्यावा. मिठातील क्लोराइड माशाच्या शरीरात नायट्राइट शिरू देत नाही. म्हणून मीठ घालण्याचा उपाय आहे, पण त्याची मात्रा पाणी तपासून जाणकाराच्या सल्ल्यानेच ठरवावी. सर्व तळे उपसून, घासून पुन्हा भरण्याचा मोह मात्र आवरावा. त्याने महिनाभरात जमलेले कामकरी एका दिवसात वाहून जातात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्याने शेततळ्याची पाहणी करताना माशांची संख्या विचारण्यापूर्वी तळे कोणत्या तारखेस भरले, शेण केव्हा दिले व पाण्याचा रंग केव्हा बदलला, हे विचारावे. प्रत्येक तळ्यापाशी एक साधी नोंदवही ठेवण्यास सांगावे. तीत तारीख, पाण्याची खोली, रंग, पहाटेची माशांची स्थिती, दिलेले खाद्य व तपासणीचे आकडे एवढेच लिहावे. अशा दोन वर्षांच्या नोंदी त्या गावाच्या पाण्याबद्दल जे सांगतात, ते बाहेरचे कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही. अडचण आल्यास मत्स्यव्यवसाय विभागाच्या धुळे येथील कार्यालयाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. पहिले तळे करणाऱ्या शेतकऱ्यास तिसऱ्या आठवड्यात हमखास धीर सुटतो, कारण पाणी तेव्हा घाणेरडे दिसते आणि शेजारी हसू लागतात. त्या आठवड्यात कार्यकर्त्याची एक भेट पुढच्या दहा भेटींच्या तोलाची ठरते.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. नव्या तळ्यात पाणी भरताच मासे सोडू नयेत. मातीच्या तळ्यास दोन ते तीन व अस्तराच्या तळ्यास चार ते सहा आठवडे द्यावेत.
२. अस्तराच्या तळ्यात माती, दोर व शेणकाला यांचे विरजण लावावे.
३. दोन दिवस पेटीत मासे ठेवून पाण्याची परीक्षा घ्यावी.
४. मासे दोन हप्त्यांत सोडावेत; संख्येचा हव्यास धरू नये.
५. गेलेला काळ मोठ्या बोटुकलीने भरून काढावा.
६. बिघाड झाल्यास आधी खाद्य बंद करावे, मग पाण्याकडे वळावे.

खानदेशातील शेतकऱ्यास धीराचा पाठ नवा नाही. पांझरेच्या काठी फड पद्धतीने पाणी वाटून घेणाऱ्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची शिस्त पाळली आणि त्या शिस्तीवरच फड टिकला. शेततळ्यातील पाळी सूक्ष्मजंतूंची आधी व माशांची मागाहून असते. ही पाळी ज्याने सांभाळली, त्याच्या तळ्यात उन्हाळ्याच्या तोंडी जाळे टाकण्याजोगे काही उरलेले असेल.